आधी लिहून घे, मग पेन्सिल उचल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राची पहिली दोन पाने रागाची आहेत आणि खरा प्रश्न शेवटच्या चार ओळींत आहे, म्हणून मी शेवटापासून सुरुवात करतो. एका पतसंस्थेने आपल्या दिवंगत संस्थापकांचे पेन्सिलचित्र तुझ्याकडे मागितले आहे, ते सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या दिनदर्शिकेवर छापायचे आहे, आणि संचालक मंडळातले, तुझ्या वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ ‘आपल्यात कसला करार?’ असे म्हणत आहेत. लेखी मागितले तर काम दुसऱ्याकडे जाईल काय, असे तू विचारतेस. जाईल. जाऊ दे. आधी लिहून घ्यायचे आणि मग पेन्सिल उचलायची, याखेरीज मला तुला नवीन काही सांगायचे नाही. पुढचा सगळा मजकूर म्हणजे या एका वाक्याची कारणे आहेत.

आता तुझा राग. त्या गृहस्थांच्या वडिलांचे चित्र तू काढून दिलेस, ठरलेले पैसे तुला मिळाले, आणि वर्षश्राद्धाला त्याच चित्राच्या छापील प्रती नातेवाइकांत वाटल्या गेल्या. पुढे एका मंडळाने चौकात लावलेल्या फ्लेक्सवर तेच चित्र तुझी सही कापून लागले. ‘माझे चित्र मला न विचारता छापले, ही चोरी आहे,’ असे तू लिहितेस. मुली, प्रती छापणे ही चोरी नव्हती. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ मध्ये कलाकृतीच्या हक्कांचा पहिला मालक तिचा कर्ता असतो, असे आरंभी म्हटले आहे, आणि तुम्ही मुले तेवढेच वाचून थांबता. त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, असे आहे की कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले, रंगचित्र केले किंवा व्यक्तिचित्र रेखाटले, तर उलट करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक ते काम सांगणारा असतो. रात्री जागून छटा तू भरल्यास, सही तू केलीस, आणि तरीही प्रती काढण्याचा हक्क त्यांच्याकडे गेला, कारण उलट काही ठरलेच नव्हते. त्यांनी तो तुझ्यापासून हिरावून घेतला नाही. तू तो मागितला नाहीस, म्हणून कायद्याने तो त्यांना दिला. कोणी वाड्याचे रेखाचित्र सांगितले असते, तर ते या परंतुकात बसते की नाही यावर वकिलांनी बराच वेळ वाद घातला असता. माणसाच्या चेहऱ्याबाबत तशी सोय नाही.

गंमत अशी की तेच चित्र तू फुकट काढून दिले असतेस तर मोबदल्याचा प्रश्नच उरला नसता आणि हक्क तुझ्याकडेच राहिला असता. म्हणून पैसे घेताना जास्त सावध राहायचे असते, आणि आपल्याकडे नेमके उलटे होते: पैसे हातात पडले की माणूस निर्धास्त होतो.

सहीची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिथे तुझा राग रास्त आहे. कलम ५७ प्रमाणे, कॉपीराइट दुसऱ्याकडे असला तरी, ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशा रीतीने कृतीची मोडतोड झाली तर दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकले गेले. हक्क आमच्याकडे आहेत असे सरकार म्हणत राहिले, तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा निर्णय याच कलमाच्या आधारे दिला. तारखा नीट वाच. १९७९ आणि २००५. न्याय मिळाला, पण मधली वर्षे कोणी परत केली नाहीत. सहगल यांचे नाव आणि चिकाटी तुझ्यामाझ्याकडे नाही, म्हणून आपण न्यायालयाच्या खूप अलीकडे, कामाच्या पहिल्या दिवशी, सही घेऊन मोकळे व्हावे हे बरे.

लिहून घ्यायचे म्हणजे मुद्रांकाच्या कागदावर वकिली भाषेत लिहायचे, अशी तुझी समजूत दिसते. एक पान पुरते. चित्र कोणाचे, कोणत्या छायाचित्रावरून, किती आकाराचे, किती रकमेला, निम्मी रक्कम आगाऊ, आणि मुख्य म्हणजे ‘या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, ग्राहकाला मूळ चित्र आणि घरगुती उपयोगासाठी प्रती काढण्याची परवानगी राहील, जाहिरात, फलक, दिनदर्शिका, स्मरणिका यांसाठी वेगळी लेखी परवानगी आणि वेगळे शुल्क लागेल, जिथे छापले जाईल तिथे चित्रकाराचे नाव राहील’ एवढे वाक्य. त्याखाली दोघांच्या सह्या. हेच व्हॉट्सअॅपवर पाठवून समोरच्याकडून ‘मान्य आहे’ असे उत्तर घेतले तरी निभावते, कारण इलेक्ट्रॉनिक संदेशातून झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. पण तो संदेश जपून ठेव, आणि शक्य तिथे सहीच घे. कोणी पूर्ण हक्क विकत मागितले तर तेही दे, मात्र कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि तुझ्या सहीनेच होते. कोणते हक्क, किती काळ आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिही. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरला जातो. पुढे कधी तुझे मूळ चित्र १० हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर त्यात कर्त्याला वाटा देणारे कलम ५३अ आहे, पण तेही पहिल्या मालकालाच लागू पडते. पहिली मालकीच गेली तर हा दरवाजाही बंद.

चित्र काढताना होणारे वादही त्याच पानावर मिटतात. ‘डोळे बाबांसारखे वाटत नाहीत’ हे वाक्य तू पूर्ण झालेल्या चित्रावर ऐकलेस. ते फिक्या रेषांच्या कच्च्या रेखाटनावर ऐकायचे असते. कच्चे रेखाटन मंजूर झाल्याशिवाय छटा भरायची नाही आणि मंजुरीनंतरच्या बदलांचे पैसे वेगळे, असे लिहून ठेव. शिवाय मूळ छायाचित्रच पाहून घे. जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करून सुरकुत्या घालवत असत; मुलांच्या आठवणीतला बाप सुरकुत्यांचा आणि फोटोतला गुळगुळीत, मग दोष तुझ्यावर येतो. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून मागवून घे. आणि नटनट्यांचे फोटो इंटरनेटवरून उचलून त्यांवरून काढलेल्या चित्रांच्या प्रती विकणे बंद कर. तो फोटो दुसऱ्या कोणाची मालमत्ता असतो, आणि तुझ्या सहीसाठी भांडणारी तू, त्याच्या सहीबद्दल इतकी बेफिकीर कशी?

तू घाबरतेस ते मला कळते, पण पटत नाही. कोल्हापुरात मला लोक चेष्टेने ‘वकीलसाहेब’ म्हणत, आणि म्हणणारे पुष्कळ जण पुन्हा कधी काम घेऊन आले नाहीत. माझा एक बालमित्र होता. त्याच्या आईचे चित्र काढायचे ठरले तेव्हा मी त्याच्यापुढे माझे नेहमीचे पान ठेवले. ‘तू माझ्याकडून सही घेणार?’ असे म्हणून तो उठून गेला. त्या माउलीने मला लहानपणी पंगतीत बसवून जेवू घातले होते. चित्र राहून गेले, ती गेली, आणि मैत्रीही गेली. माझी पत्नी म्हणते की ते चित्र मी न सांगता काढून त्याच्या घरी नेऊन द्यायला हवे होते. तिचे म्हणणे मी ऐकून घेतो. पण मला सांग, मित्राकडून पान भरून घ्यायचे नाही, नातेवाइकाकडून घ्यायचे नाही, ओळखीच्या माणसाकडून घ्यायचे नाही, मग घ्यायचे कोणाकडून? आपल्या गावात अनोळखी माणूस चित्र काढून घ्यायला येतो तरी कधी? ‘दोन पेन्सिली आणि एक कागद, त्याचे एवढे पैसे?’ हा प्रश्न मला परक्याने कधी विचारला नाही. तो घरचेच विचारतात. त्या मित्राला सही करायला सांगितली म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवला, असे मी आजही मानत नाही. भेट द्यायची तर मी उघड भेट म्हणून देतो आणि तिच्या मागे तसे लिहितो. व्यवहार करायचा तर व्यवहार. या दोहोंची सरमिसळ त्याला हवी होती, मला नको होती. असो, पत्र तुझे आहे, माझे नव्हे.

इंटरनेटवर चित्रे टाकताना ती लहान करून टाकतेस हे ठीक आहे. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ए४ आकाराची छपाई करायला सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. १००० पिक्सेलच्या प्रतिमेतून त्या दर्जाची छपाई जेमतेम साडेआठ सेंटीमीटरची होते. पण फ्लेक्स दुरून पाहायचा असतो, त्याला तेवढीही प्रतिमा पुरते, आणि कोपऱ्यातला वॉटरमार्क कोणीही कापू शकतो. असल्या कुंपणांवर विसंबून पान भरून घेण्याचे टाळू नकोस.

मूळ चित्र जपण्याबद्दल तू विचारलेस, त्याबद्दल थोडक्यात. आम्लमुक्त, शक्यतो सुती कागद वापर. स्वस्त कागदातले लिग्निन काही वर्षांत त्याला पिवळा करते. बोटाने छटा पसरवू नकोस, त्वचेचे तेल कागदात उतरते. गडद भागासाठी ८बीची मऊ पेन्सिल दाबून घासलीस की ग्रॅफाइट चकाकते आणि चित्र समोरून काळे न दिसता चांदीसारखे दिसते. तिथे कार्बन पेन्सिल किंवा कोळसा वापर. चिकटपट्टी चित्राच्या मागेही नको, ती तपकिरी डाग पाडते. फ्रेमची काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात आत ओल धरून बुरशी येते. फ्रेमवाल्याकडे देण्याआधी उत्तम स्कॅन करून घे, कारण एकदा चित्र ग्राहकाच्या भिंतीवर गेले की ते पुन्हा मागायला तुझी जीभ रेटत नाही. कॅमेऱ्याने प्रतिमा घेणार असशील तर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून प्रकाश दे, म्हणजे चकाकी येत नाही.

प्रती विकण्याच्या बाबतीत मात्र तुझा विचार मला आवडला. राजा रविवर्मांनी संस्थानिकांची व्यक्तिचित्रे केली, आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून देवादिकांची चित्रे घरोघरी पोहोचवली. तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि अखेरीस त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. मूळ चित्र आणि त्याची छापील प्रत हे दोन निराळे माल आहेत, हे त्यांना तेव्हा कळले होते. तूही तुझे विषय निवड. कोणाच्या बापाचा चेहरा प्रती काढून विकायचा नसतो, हक्क तुझ्याकडे असला तरी. पंचगंगेचा घाट, रंकाळा, तुझ्या आजोळच्या गावचा बाजार विक. पिगमेंट शाईने, चांगल्या कागदावर छाप. ५० प्रती म्हटलेस तर ५०च, प्रत्येकीवर पेन्सिलने क्रमांक आणि सही. एकावन्नावी कितीही मोठ्या माणसाने मागितली तरी नाही. आणि छपाईवाल्याकडूनही लिहून घे की तुझी फाइल तो ठेवणार नाही आणि जादा प्रती काढणार नाही. हे सांगताना तू कंटाळतेस हे मला दिसते आहे.

फ्लेक्सच्या बाबतीत त्या गृहस्थांशी भांडू नकोस. वाटलेल्या प्रतींचा विषय काढूच नकोस. फ्लेक्स लावणाऱ्या मंडळाला शांत शब्दांत एक पत्र दे की चित्र तुझे आहे, पुढच्या छपाईत नाव राहू द्यावे. एवढे मागण्याचा तुला कायद्याने हक्क आहे.

पतसंस्थेला उत्तर देताना चित्राची रक्कम आणि दिनदर्शिकेच्या छपाईचे शुल्क असे दोन वेगळे आकडे लिही. छपाईची परवानगी त्या एकाच वर्षाच्या दिनदर्शिकेपुरती, आणि ठरलेल्या प्रतींपुरती दे. पुढे पासबुकाच्या मुखपृष्ठावर तेच चित्र हवे असेल तर त्यांनी पुन्हा यावे. ‘आपल्यात कसला करार’ म्हणणाऱ्या गृहस्थांना सांग की त्यांची पतसंस्थाही जामीनदाराच्या सहीशिवाय कर्ज देत नाही. मसुदा तयार कर आणि त्यांच्याकडे जाण्याआधी मला पाठव. रकमेचा रकाना रिकामा ठेवू नकोस, मागच्या वेळी ठेवला होतास.

तुझे,
सर