'द नेव्हरएंडिंग स्टोरी' सिनेमा पाहिलाय, मग पुस्तक वाचायची गरज आहे का?

आहे, कारण वोल्फगांग पीटरसनचा 1984 चा सिनेमा साधारण अर्ध्या पुस्तकावर संपतो. त्या अद्भुत जगाच्या बालसम्राज्ञीला नवं नाव मिळालं की पडद्यावर सगळं गोड होतं. मिखाएल एंडेच्या मूळ जर्मन कादंबरीत (1979) खरी गंमत तिथूनच सुरू होते. गोष्ट वाचणारा मुलगा बास्टियन स्वतःच त्या अद्भुत जगात जातो, मागेल ते मिळतं, पण प्रत्येक इच्छेमागे एक आठवण पुसली जाते. हळूहळू पोरगा चक्क मग्रूर होतो, जिवलग अत्रेयूवरच तलवार उपसतो. नायकाला इतकं खाली उतरवणारी मुलांची पुस्तकं फार नाहीत.

एंडे सिनेमावर इतका भडकला की कोर्टात गेला. खटला हरला, पण सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून स्वतःचं नाव काढायला लावलं. 1990 च्या दुसऱ्या भागात उरलेल्या कथेचे काही धागे घेतलेत, पण तो नाही पाहिला तरी चालेल. पहिला मात्र उडत्या ड्रॅगनसाठी, फाल्कोरसाठी, मलाही आवडतो.

पुस्तक घेताना दोन रंगांत छापलेली प्रत मिळते का बघा. आपलं जग लाल शाईत, कल्पनेतलं हिरव्या. प्रकरणं 26, प्रत्येकाची सुरुवात ए ते झेड अशा क्रमाने एकेका अक्षराने.