'कॉमिक्स' की 'कॉमिक्ष'?

प्रश्न असा होता: अमेरिकन चित्रकार रिक ग्रिफिन याच्यावरच्या लेखाचा अनुवाद करताना 'अंडरग्राउंड कॉमिक्स'ला 'भूमिगत व्यंगचित्रे' म्हटलं तर चालेल का?

मी म्हणणार नाही. 'भूमिगत' म्हटलं की मराठी वाचकाला बेचाळीस साल आठवतं, पोलिसांना चुकवत रात्री मुक्काम बदलणारे कार्यकर्ते आठवतात. ग्रिफिन आणि त्याचे सोबती लपलेले नव्हते. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत चित्रकार रॉबर्ट क्रम्बने 'झॅप' या कॉमिक्स-पुस्तिकेचा पहिला अंक काढला आणि हेट स्ट्रीटवर बाबागाडीत ठेवून उघड विकला. ही मंडळी बाहेर होती ती कॉमिक्समध्ये काय चालेल हे ठरवणाऱ्या १९५४च्या संहितेच्या आणि नेहमीच्या वितरकांच्या. साठच्या दशकात आपल्याकडेही 'असो', 'वाचा' अशीच चाकोरीबाहेर निघाली; त्यांना आपण लघुअनियतकालिकं म्हणतो, भूमिगत नाही.

'व्यंगचित्र' तर त्याहून दूरचं. 'झॅप'च्या दुसऱ्या अंकापासून ग्रिफिन आला. त्याच्या पानांवर शेणकिडे, कवट्या, ज्वाळा, पंख फुटलेले डोळे असतात. व्यंग कुठे नाही, आणि कित्येकदा कथाही नाही, म्हणून 'चित्रकथा'ही बसत नाही. अक्षरं दिसतात, पण वाचायला गेलं तर शब्दच लागत नाही. त्यानेच घडवलेली ती लिपी.

आता खरी अडचण. या मंडळींनी 'कॉमिक्स'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी मुद्दाम एक्स घातला: हे मुलांच्या दुकानातलं नव्हे, हे प्रौढांसाठी, हे त्या एकाच अक्षरात आलं. उच्चार तोच, डोळ्याला मात्र वेगळं. देवनागरीत दोन्ही 'कॉमिक्स'च होतात आणि सगळा खोडसाळपणा पुसला जातो. पण एक्ससाठी आपल्याकडे अक्षर आहेच! बीजगणितात आपण 'क्ष मानू' म्हणतो, एक्स-रेला क्ष-किरण म्हणतो. मग 'अंडरग्राउंड कॉमिक्ष' का नको? कानाला जवळजवळ तेच, डोळ्याला खटकणारं, आणि खटकायलाच हवं. 'अंडरग्राउंड' तसंच राहू द्यावं.

ग्रिफिनने पोस्टरंही केली; पोस्टरला 'भित्तिपत्रक' लिहा. 'भित्तिचित्र' भिंतीवरच रंगवतात, आणि ग्रिफिनचा तो प्रसिद्ध उडता डोळा छापील आहे, १९६८च्या रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या कार्यक्रमांसाठी केलेला.

एका ठिकाणी मात्र मीही हरलो. 'ग्रेटफुल डेड' या रॉक बँडच्या १९६९च्या अल्बमचं मुखपृष्ठ त्याचंच. नाव 'अऑक्सोमॉक्सोआ', अर्थ काहीच नाही. रोमन मोठ्या लिपीत हा शब्द उलटसुलट सारखा वाचता येतो, शिवाय त्यातलं प्रत्येक अक्षर आरशातही तसंच दिसतं. देवनागरीत यातलं काही उरत नाही. तिथे मूळ शब्दाचं चित्रच छापा, अनुवाद करू नका.