नव्याने आलेल्याला जुन्या कर्मचाऱ्यापेक्षा जास्त पगार देणं न्याय्य आहे का?

सात वर्षं एका कंपनीत काढली आणि ज्याला काम शिकवलं त्याचाच पगार आपल्यापेक्षा जास्त निघाला, हे न्याय्य आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. मी एचआरमध्ये पगार ठरवण्याचं काम केलंय, त्यामुळे हे कसं घडतं ते आधी सांगते.

भरतीचं बजेट वेगळं असतं, पगारवाढीचं वेगळं. नवा माणूस घेताना बघतात की बाजारात या कामाला काय मिळतं. जुन्याच्या अप्रेझलच्या तक्त्यात तो रकानाच नसतो. तिथे फक्त गेल्या वर्षीचा पगार आणि पुढे टक्के. समजा पगार १०० होता आणि दरवर्षी ६ टक्के वाढ मिळाली, तर सात वर्षांनी तो १५० होतो. बाजारातला दर वर्षाला १० टक्क्यांनी वाढला असेल, तर त्याच कामाचे १९५ झालेले असतात. कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं, पण टिकून राहणाऱ्याला भुर्दंड बसतो.

नव्याकडे खरोखर वेगळं कौशल्य असेल तर फरक मला मान्य आहे. पण कुठल्या ग्राहकाचं बिल कुणाच्या सहीसाठी अडतं, हे तुम्हालाच ठाऊक असतं आणि त्याची किंमत कुठल्याच तक्त्यात येत नाही.

वाईट वाटणं हा कोतेपणा नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांचे पगार कळल्यावर कमी पगारवाल्यांचं समाधान घटलं. जास्तवाल्यांचं मात्र वाढलं नाही.

नव्या सहकाऱ्यावर राग धरू नका, त्याने मागितलं आणि त्याला मिळालं. साहेबांपुढे त्याचं नावही काढू नका, नाहीतर बोलणं त्याच्यावरच घसरतं. विचारा, 'या पदाच्या पे बँडमध्ये माझा पगार कुठे बसतो?' पे बँड म्हणजे त्या पदासाठी कंपनीने ठरवलेला किमान ते कमाल पगार. सोबत त्याच पदाच्या जाहिरातींतले आकडे आणि रुजू झाल्यापासून अंगावर आलेल्या जादा कामांची यादी न्या. हे बजेट ठरण्याआधी करा. टक्के एकदा लॉक झाले की मॅनेजरच्या हातात फारसं उरत नाही. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणाले तर रक्कम आणि महिना ईमेलवर मागा. तेही टाळलं, तर बाहेर मुलाखती द्यायला लागा.