उन्हाळ्यात एकाच भांड्यात, ताज्या भाज्या घालून, झटपट क्रीमी पास्ता कसा करावा?

तुमची अडचण अशी दिसते: एकच शेगडी, दोघांपुरता स्वयंपाक, घरात क्रीम नसतं, आणि उन्हाळ्यात गॅससमोर वीस मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. मागच्या वेळी एकाच भांड्यात करून बघितलात तर दूध फाटलं आणि भाज्यांचा लगदा झाला. उरला तर काय करायचं, हेही तुम्ही विचारलंत. मी सोलापुरात राहते. इथे एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या पुढे, आणि संध्याकाळी सातलासुद्धा स्वयंपाकघराच्या भिंती तापलेल्या. आमच्याकडे उन्हाळाभर रात्रीच्या जेवणाला हा पास्ता वरचेवर असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे क्रीम विकत आणायची गरज नाही. पास्ता ज्या पाण्यात शिजतो तेच पाणी क्रीमचं काम करतं. फक्त ते ओतून द्यायचं नाही.

नेहमीच्या पद्धतीत २०० ग्रॅम पास्त्याला दोन लिटर पाणी उकळतात, पास्ता शिजला की चाळणीत ओतून पाणी मोरीत सोडून देतात, आणि मग दाटपणा यावा म्हणून मैदा, लोणी, दूध असा व्हाइट सॉस दुसऱ्या भांड्यात करत बसतात. शिजताना पास्त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो, म्हणजे दाटपणा आधीच तयार असतो. एका भांड्याच्या पद्धतीत पाणीच अर्धा लिटर घ्यायचं, त्यामुळे सगळा स्टार्च तेवढ्याशा पाण्यात राहतो. गव्हाचा स्टार्च साधारण ६० अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगायला लागतो. सुताला लावायची खळ शिजताना घट्ट होते, अगदी तसंच इथे होतं. त्या दाट पाण्यात दूध आणि चीज घातलं की ते नीट मिळून येतं, वर तेल तरंगत नाही.

शिवाय आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. दोन लिटर पिण्याचं पाणी उकळून फेकून द्यायचं हे मला पटतच नाही. चौथा हिस्सा पाणी उकळायला वेळ आणि गॅसही तितकाच कमी लागतो, आणि घासायला एकच भांडं. मात्र हे सगळं पाणी पोटात जाणार आहे, तेव्हा ते पिण्याचंच घ्या. बोअरचं जड पाणी घेतलंत तर त्याची चव पास्त्यात उतरते.

आता पास्ता कोणता घ्यायचा. पाकिटावर ड्युरम गहू लिहिलेला बघून घ्या. ड्युरम म्हणजे ज्याचा बन्सी रवा निघतो तो कडक गहू. त्याचा पास्ता शिजल्यावरही अंग धरून राहतो. किराणा दुकानात सुटी मिळणारी मॅकरोनी बऱ्याचदा मैद्याची असते, ती बाहेरून गळते आणि आतून कच्ची राहते. अशा कमी पाण्याच्या पद्धतीत तर तिचा चिखलच होतो. आकार छोटा घ्या: पेने, फुसिली, एल्बो. लांब स्पॅगेटी आपल्या गोल बुडाच्या कढईत पहिली पाच मिनिटं निम्मी पाण्याबाहेर राहते. भांडं जाड बुडाचं, पसरट पातेलं असलं तर उत्तम. लोखंडी कढई नको, आंबट पदार्थात तिची चव आणि रंग दोन्ही उतरतात.

भाज्यांविषयी जास्त बोलायला हवं, कारण तुमचा लगदा तिथेच झाला असणार. अमेरिकेत पाककृतींसाठी प्रसिद्ध असलेल्या मार्था स्टुअर्ट यांच्यामुळे २०१३ च्या सुमारास एका भांड्यातला पास्ता घरोघरी पोचला. त्यांच्या त्या कृतीत पास्ता, टोमॅटो, कांदा, लसूण, सगळं एकदमच थंड पाण्यात घालून शिजवतात. टोमॅटो विरघळून जाणं तिथे हवंच असतं. पण ढोबळी मिरची आणि दोडका असे दहा-बारा मिनिटं पाण्यात रटरटले तर त्यांच्यात काय उरणार? भाज्या एकदम घालायच्या नाहीत. ज्या भाजीत पाणी जास्त ती उशिरा, जी घट्ट ती आधी, एवढं धरून चाला.

इंग्रजी कृतींमध्ये उन्हाळ्याच्या पास्त्यात झुकिनी, ॲस्परॅगस, चेरी टोमॅटो असतात. त्यांच्यामागे धावू नका. आपल्या उन्हाळ्यात कोवळा दोडका, मक्याची कणसं, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि कैरी मिळते, आणि यातच सुंदर पास्ता होतो. मंडईत (आमच्या सोलापुरात लक्ष्मी मंडई) सकाळी लवकर जाणं जमवा. दुपारपर्यंत पालेभाजी माना टाकते आणि दोडका मऊ पडतो. दोडका घेताना बारीक, बोटानं दाबला तर न दबणारा, शिरा हिरव्यागार असलेला घ्या. घरी शिरा तासून घ्या, साल पूर्ण काढू नका. झुकिनीच्या जागी मला दोडका जास्त आवडतो, कारण तो रस शोषून घेतो आणि त्याला स्वतःचा थोडा गोडवा असतो.

एक गोष्ट मात्र कधीही चुकवू नका. दोडका किंवा दुधी चिरला की कच्चा छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खी भाजी फेकून द्या, पैशाकडे बघू नका. कडू दुधी-दोडक्यात असं द्रव्य असतं की त्यानं उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात पोचतो. शिजवून किंवा मीठ लावून ते जात नाही.

दोघांसाठी मी घेते ते असं: पास्ता २०० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर, दूध २०० मिली, एक मध्यम कांदा, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, एका कणसाचे दाणे, एक ढोबळी मिरची, एक छोटा दोडका, एक घट्ट टोमॅटो, दोन चीज क्यूब, दोन चमचे तेल किंवा लोणी. मीठ सुरुवातीला फक्त अर्धा छोटा चमचा. हे नीट लक्षात ठेवा. पास्त्याच्या पाण्यात भरपूर मीठ घाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते पाणी फेकून देणाऱ्यांसाठी. इथे सगळं मीठ भांड्यातच राहतं, शिवाय चीज खारट असतं.

भाज्या चिरून, चीज किसून, दूध बाहेर काढून, सगळं हाताशी ठेवा आणि मगच गॅस पेटवा. तेलात ठेचलेला लसूण टाका. वास सुटला की लगेच कांदा. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, दुधाच्या पदार्थात तो कडवट लागतो. कांदा पारदर्शक झाला की कोरडा पास्ता घालून अर्धा मिनिट परता, म्हणजे प्रत्येक तुकड्याला तेल लागतं आणि पुढे चिकटत नाही. मग गरम पाणी, मीठ आणि मक्याचे दाणे. पास्ता जेमतेम बुडेल एवढंच पाणी दिसेल. घाबरून वर आणखी ओतू नका. उकळी आली की आच मध्यम करा, झाकण अर्धवट ठेवा आणि पहिली दोन मिनिटं उलथन्यानं तळापासून हलवत राहा. चिकटायचं असेल तर पास्ता तेव्हाच चिकटतो. त्यानंतर अधूनमधून हलवलं तरी पुरे.

भांड्याकडे लक्ष दिलंत तर पुढचं सगळं तेच सांगतं. सुरुवातीला पाणी स्वच्छ असतं, बुडबुडे बारीक, आवाज खळखळ. सात-आठ मिनिटांनी पाणी पांढुरकं होतं, बुडबुडे मोठे आणि संथ होतात, आवाज रटरट असा जड येतो. स्टार्च उतरल्याची ही खूण. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला एक तुकडा काढून सुरीनं कापून बघा. मधे पांढरा ठिपका डाळीएवढा दिसला तर अजून वेळ आहे, सुईच्या टोकाएवढा राहिला की झालंच. ठिपका डाळीएवढा असताना दोडका आणि ढोबळी मिरची घाला. त्यांना तीन मिनिटं पुरतात. पाणी आधीच आटलं असेल तर याच वेळी अर्धी वाटी गरम पाणी घाला.

आता दूध. तुमचं दूध फाटलं ते बहुतेक टोमॅटोमुळे. टोमॅटो आधीपासून शिजत असला की त्याची आंबट चव सगळ्या पाण्यात असते आणि वरून फ्रिजमधलं गार दूध खळखळत्या भांड्यात पडतं. आंबट आणि कडक आच, दोन्ही एकत्र आले की दूध फाटणारच. म्हणून टोमॅटो अजिबात शिजवायचा नाही. आच मंद करा, पाणी आटून दाट झालेलं असू द्या, आणि कोमट दूध थोडं थोडं घालत ढवळा. दाट पाण्यातला स्टार्च दुधाला सांभाळून घेतो. सुरुवातीपासून दुधातच पास्ता शिजवण्याच्या कृतीही बघितल्या असतील. त्या मी करत नाही. दूध बुडाला लागतं, करपट वास येतो, आणि पास्ता शिजायला वेळही जास्त लागतो.

दूध म्हशीचं असेल तर सोन्याहून पिवळं. पंढरपुरी म्हैस आमच्या सोलापूर जिल्ह्याचीच, आणि म्हशीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश बराच जास्त असतो, त्यामुळे सॉस आपोआप भरदार होतो. तापवलेल्या दुधावरची दोन चमचे साय त्याच दुधात गुठळ्या मोडून फेटून घाला. विकतच्या क्रीमपेक्षा याची चव मला नेहमीच ताजी वाटते.

दूध घातल्यावर दोन मिनिटांनी गॅस बंद करा. उलथनं भांड्याच्या तळावरून ओढलं की क्षणभर रेघ राहून मग भरून यायला हवी. भांड्यात थोडं पातळच दिसेल, पण ते तसंच हवं. ताटात येईपर्यंत पास्ता आणखी रस पितो. भांड्यात घट्ट दिसेपर्यंत आटवलंत तर ताटात गोळा येतो. चीज गॅस बंद केल्यावरच घालायचं. साधं प्रोसेस्ड चीज चालतं, किंबहुना इथे तेच बरं, कारण त्यात वितळताना एकजीव ठेवणारे क्षार असतात. महागडं मुरलेलं चीज उकळत्या सॉसमध्ये टाकलं की तारा आणि गुठळ्या होतात.

मग टोमॅटो. बिया काढून बारीक चौकोनी चिरा आणि आता, अगदी शेवटी, नुसता मिसळा. उष्णतेनं तो जरासा मऊ होतो, पण टवटवीत राहतो. भरड मिरेपूड, चिमूटभर जायफळ. लिंबाऐवजी किसलेली कैरी घाला, दोघांना एक मोठा चमचा पुरे, तीही ताटात वाढल्यावर. दूध, चीज, मका या सगळ्या गोडसर, मऊ चवींना ती मस्त धार आणते. कैरी नसेल तर हा पास्ता मला अपुराच वाटतो. वरून पुदिना किंवा कोथिंबीर हातानं तोडून टाका. बेझिल मिळत नाही म्हणून अंगणातली तुळस घालू नका. तिची लवंगेसारखी उग्र चव दुधावर स्वार होते.

चीज नको असेल तर चक्का छान लागतो. तीन-चार चमचे चक्का फेटून गॅस बंद केल्यावर, भांडं दोन मिनिटं निवल्यावर मिसळा आणि पुन्हा गॅसवर ठेवू नका. मात्र चक्का घालणार असाल तर कैरी वगळा, दोन आंबट नकोत. दूधदुभतं अजिबात चालत नसेल तर पंधरा-वीस काजू अर्धा तास गरम पाण्यात भिजवून मऊ वाटून घ्या आणि दुधाच्या जागी घाला. शेंगांचा कूट घालून बघावंसं वाटेल, आपल्याकडे तो घरात असतोच. पण सॉसमध्ये तो नको, भाज्यांची चव झाकली जाते. त्यापेक्षा घरात उखळातली तेलकट शेंगा चटणी असेल तर ती वरून भुरभुरा. चिली फ्लेक्सच्या पाकिटापेक्षा कितीतरी चांगली लागते, आणि दातांखाली दाणा येतो तो वेगळाच.

उरला तर काय, हेही विचारलं होतंत. या उकाड्यात दुधाचा पास्ता ओट्यावर ठेवून देऊ नका. तासाभरात संपवा, नाहीतर डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी खाऊन टाका. फ्रिजमध्ये तो घट्ट होतो. गरम करताना दोन-तीन चमचे दूध किंवा पाणी घालून मंद आचेवर हलवला की पुन्हा सैल होतो, फक्त भाज्या पहिल्याइतक्या करकरीत राहत नाहीत. ऑफिसच्या डब्यात दुपारपर्यंत ठेवायचा असेल तर दूध, चीज, चक्का काहीच नको. त्या दिवशी पाणी वाटीभर कमी घ्या, तेल एक चमचा वाढवा, लसूण, मका, ढोबळी मिरची आणि शेंगा चटणी एवढ्यावरच करा.