एमटीडीपार्ट्समध्ये ‘आरओ’ का हवं?

बूटआर्ग्जमध्ये (बूट होताना लिनक्स कर्नलला मिळणाऱ्या कमांड लाइनमध्ये) एमटीडीपार्ट्स, म्हणजे फ्लॅश चिपच्या पार्टिशनची यादी, लिहूनही पार्टिशन दिसत नाहीत, आणि ते डिव्हाइस ट्रीत (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलीत) लिहावेत का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर छोटं. /प्रॉक/एमटीडी ही फाइल बघा, कर्नलला दिसलेली पार्टिशन त्यात असतात. अख्खी चिप एकाच ओळीत दिसत असेल, तर त्या ओळीच्या शेवटी अवतरणात जे नाव आहे तेच तुमच्या एमटीडीपार्ट्समध्ये कोलनच्या आधी हवं. तरी जमलं नाही तर कर्नलमध्ये कमांड लाइन पार्टिशनचा पर्याय चालू आहे का पाहा.

पण तुमच्या ओळीत एकाही पार्टिशनला ‘आरओ’ (रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचा, लिहू-पुसू नका) नाही. मी लिहायला बसलो ते त्यासाठी.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही वीजमीटरची रीडिंग गोळा करणारे बोर्ड बनवायचो. १६ एमबी एसपीआय फ्लॅश. यूबूट (बूटलोडर), एन्व्ह (त्याची सेटिंग्ज), कर्नल, रूटएफएस (फाइल सिस्टिम) असा क्रम, म्हणजे लिनक्सच्या नंबरांत एमटीडी० ते एमटीडी३. पुढे मॅक अ‍ॅड्रेससाठी (नेटवर्कवरची प्रत्येक बोर्डाची वेगळी ओळख) एन्व्हच्या नंतर ६४ केबीचं ‘फॅक्टरी’ पार्टिशन घातलं, आणि कर्नल एमटीडी२ वरून एमटीडी३ वर गेलं. मी म्हटलं, यूबूट आणि फॅक्टरीला आरओ लावू, अपडेट स्क्रिप्टही नंबराऐवजी नावावर चालवू. साहेब म्हणाले, “स्क्रिप्ट आपलीच आहे रे. आरओ लावलं तर फॅक्टरीत लिहिताना आपलीच पंचाईत.” पंचाईत कसली? मॅक एकदाच लिहायचा, तोही यूबूटमधून लिहिता येतो!

पुढच्या अपडेटला साहेबांच्या स्क्रिप्टने कर्नल समजून एमटीडी२, म्हणजे आता फॅक्टरी, पुसलं. कर्नल शाबूत, बोर्ड चालू, पण सगळे एकाच डीफॉल्ट मॅकवर. एका स्विचवर असे चार-पाच बोर्ड आले की रीडिंग कुठून येणार? भांडुप-कांजूरच्या कारखान्यांत ऐन पावसात आम्ही पोरं शिडी लावून, खोकी उघडून, स्टिकरवरचे मॅक परत लिहीत फिरलो. आरओ असतं तर पुसायची कमांड तिथेच एरर देऊन थांबली असती.

डिव्हाइस ट्रीत लिहिलं की सुरक्षित, हे साहेबांचं दुसरं म्हणणं. चूक. तिथेही ‘रीड-ओन्ली’ लिहावंच लागतं. बोर्ड अजून बदलत असेल तर कमांड लाइनच बरी, आकडा बदलून लगेच बूट करता येतं.

दोन गोष्टी राहिल्या. पार्टिशनची हद्द इरेज ब्लॉकच्या (चिप एका वेळी पुसते त्या तुकड्याच्या) सीमेवरच पाडा, नाहीतर कर्नल ते पार्टिशन आपणहून रीड-ओन्ली करतो. आणि आरओ फक्त लिनक्स पाळतो. यूबूटच्या प्रॉम्प्टवरून सगळं पुसता येतं. तेही अडवायचं असेल तर चिपची राइट-प्रोटेक्ट पिन आणि लॉक बिट्स वापरा.