पदर खोचून, वर एप्रन

वाचकांचे प्रश्न, शिवणकामाचं पान

या वेळी आलेले प्रश्न जवळपास सगळे रोज घालायच्या एप्रनबद्दल आहेत. पत्रं थोडी आखडून घेतली आहेत. मापं इंचांत आणि कापड मीटरमध्ये दिलं आहे, दुकानात चालतं तसंच.

प्रश्न (सातारा): मी घरी साडी नेसते. गळ्यात अडकवायच्या एप्रननं मान भरून येते आणि मागची गाठ सारखी सुटते. काही न बांधता नुसता डोक्यातून घालता येईल आणि चारचौघांत बरा दिसेल असा एप्रन घरी शिवता येईल का? कापड किती लागेल?

उत्तर: येईल. पाठीवर दोन पट्ट्यांची फुली असलेला एप्रन शिवा. बाजारात ‘जपानी एप्रन’ म्हणून मिळतो तो हाच. याचं वजन मानेवर न येता दोन्ही खांद्यांवर वाटलं जातं, त्यामुळे धुणीभांडी करताना भिजून जड झाला तरी ओढ लागत नाही.

४४ पन्ह्याचं, म्हणजे ४४ इंच रुंदीचं, सुती कापड सव्वा मीटर घ्या. उंची साडेपाच फुटांच्या वर असेल तर दीड मीटर. हा अंदाज नितंबाचा घेर ४० इंचांपर्यंत असलेल्यांसाठी आहे. त्याहून जास्त असेल तर ५८ पन्ह्याचं कापड घ्या, नाहीतर मागच्या दोन कडा एकमेकींना भेटणार नाहीत. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेता. कोरं सुती कापड मीटरला तीन ते पाच सेंटिमीटर आटतं. न भिजवता शिवलेला एप्रन पहिल्या धुण्यानंतर काखेत आवळतो तो यामुळेच.

आता ३६ इंच लांबीचा, पूर्ण पन्ह्याचा तुकडा कापा आणि उभा दुमडा. घडी म्हणजे पुढचा मध्य. वरच्या कडेवर घडीपासून साडेसहा इंचांवर खडूनं खूण करा, ही छातीची पट्टी. वरून १० इंच खाली, घडीपासून ११ इंचांवर दुसरी खूण करा. पहिल्या खुणेपासून निम्म्या अंतरापर्यंत जवळजवळ सरळ खाली या आणि मग ब्लाउजच्या मुंढ्यासारखा बाक देत दुसऱ्या खुणेला मिळवा. तिथून किनारीपर्यंत आडवी सरळ रेघ, ही पाठीची वरची कड. रेघेवर कापलं की दोन मोठी कात्रणं निघतात. ती टाकू नका. एकातून ८ बाय ९ चा खिसा निघतो, दुसऱ्यातून सव्वा इंच रुंदीच्या उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, पट्ट्या. उरलेल्या कापडातून साडेचार इंच रुंद आणि २८ इंच लांब अशा दोन खांदापट्ट्या कापा. उलट बाजूनं पाव इंचावर टीप मारून उलटवल्या की त्या दोन इंची होतात. खांद्यावर दोन इंच रुंदी हवीच, बारीक पट्टी रुतते.

शिवताना क्रम पाळा. कापल्याबरोबर, बाकी काही करायच्या आधी, मुंढ्याच्या बाकावर कडेपासून पाव इंचाच्या आत एक साधी टीप मारून ठेवा. बाकावर कापड तिरपं कापलेलं असतं, हाताळताना ते ताणतं, आणि मग कितीही छान गोट लावला तरी मुंढा फाकलेलाच राहतो. टीप मारल्यावर उरेब पट्टी लावून आत दुमडा. पाठीची कड आणि मागच्या दोन उभ्या किनारी अर्धा इंच दुमडून शिवा. छातीची वरची दुमड एक इंचाची ठेवा आणि खांदापट्ट्यांची टोकं तिच्यात घाला. खालची दुमड दीड इंचाची. तयार एप्रन मध्यम उंचीच्या बाईला गुडघ्याच्या थोडा खाली येतो. साडीवर याहून लांब करू नका, खाली बसताना निऱ्यांत गुंततो.

पट्ट्यांची मागची टोकं मात्र लगेच शिवू नका. एप्रन साडीवर घाला, पट्ट्या पाठीवर फुलीसारख्या नेऊन विरुद्ध बाजूच्या वरच्या कडेला, मागच्या टोकापासून तीन इंच आत, टाचणीनं लावून बघा. बहुतेकींना २२ ते २५ इंच पुरतात. डाव्या खांद्यावर पदराच्या चुण्या आणि पिन असते, म्हणून त्या खांद्यावरून जाणारी पट्टी पाऊण इंच जास्त ठेवा, नाहीतर एप्रन एका अंगाला कलतो. पट्ट्या खांद्यावरून घसरत असतील तर दोष लांबीचा नसतो, मागची टोकं फार लांब लांब लागलेली असतात. ती मध्याकडे आणली की घसरणं थांबतं.

प्रश्न (नाशिक): फिकट रंगाचे एप्रन आवडतात, पण महिन्याभरात हळदीच्या डागांनी खराब होतात. भरतकाम केलेला एक तर आता घालायचीही लाज वाटते. गडदच घ्यावेत का?

उत्तर: गडदच घ्या असं नाही, पण शोभा कुठे ठेवायची ते ठरवून ठेवा. एप्रन सगळीकडे सारखा मळत नाही. ओट्याची कड पोटाला टेकते तो चार-पाच बोटांचा पट्टा कायम ओला असतो आणि त्याखाली मांडीपर्यंत आपण हात पुसतो. डाग तिथेच पडतात. छातीचा वरचा भाग, खांदापट्ट्या आणि खालची कड त्या मानानं स्वच्छ राहते. भरतकाम, खणाची पट्टी, आरसे, जे काही हौसेचं असेल ते वर करा. पोटावर बारीक, दाट छपाई किंवा चौकटी असू द्या, त्यात डाग हरवतो. सगळ्यात वाईट म्हणजे पोटावर मधोमध एकच मोठं फूल.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नका, हळदीला क्षार लागला की असं होतंच, आणि स्वच्छ खंगाळल्यावर तो परत पिवळा होतो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, तेव्हा धुतलेला एप्रन डागाची बाजू वर करून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. तेलाचा डाग असेल तर पाणी लावायच्या आधी कोरड्यावरच भांड्यांचा लिक्विड साबण चोळा. फोडणीचा डाग म्हणजे दोन्ही एकत्र, म्हणून आधी तेल, मग हळद.

कलमकारी किंवा अजरखचं कापड असेल तर पहिली दोन-तीन धुणी वेगळी, गार पाण्यात करा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो हा समज फार जुना आहे, पण उपयोग होत नाही. सुटणारा जास्तीचा रंग काढून टाकणं एवढंच आपल्या हातात असतं. निळ्याचं जरा जास्त सांभाळा, तो कोरडाच घासूनही फिकट साडीला लागतो.

प्रश्न (लातूर): आजीच्या दोन सुती इरकल साड्या आहेत. मधे विरल्या आहेत, काठ छान आहेत. त्यांचे एप्रन होतील का?

उत्तर: होतील, पण आधी कापडाचा दम बघा. दोन्ही अंगठे जवळ जवळ ठेवून कापड झटक्यानं ताणा. चरकन आवाज आला तर तो भाग सोडून द्या. साडी पायाशी आणि निऱ्यांच्या घड्यांवर आधी विरते. वरचा, कमरेला खोचला जाणारा काठ सहसा धड असतो, पदरही.

जुनं सुती कापड मऊ आणि पाणी टिपणारं असतं, हा त्याचा गुण. पातळ असतं, हा दोष. त्यावर उपाय आपल्याकडे घरोघरी आहेच: गोधडी. एप्रनचा तुकडा दुहेरी घ्या आणि पोटाच्या भागात अर्ध्या अर्ध्या इंचावर आडवा धावदोरा घाला. दोरा सुती, थोडा जाड घ्या. धावदोऱ्याच्या ओळी पुऱ्या झाल्या की कापड थोडं आखडतं, म्हणून तुकडे सगळीकडून एक इंच मोठे कापा आणि एप्रनचा आकार धावदोरा झाल्यावरच कापा. उलटा क्रम केला की मुंढे लहान-मोठे होतात.

काठ वेगळा कापून लावायचा असेल तर दोन्ही बाजूंना अर्धा इंच कापड राखा. काठाचा धागा पोतापेक्षा वेगळा असतो, रेशीम असेल किंवा कृत्रिम, आणि तो वेगळ्या प्रमाणात आटतो. नव्या सुती कापडावर काठ लावायचा असेल तर दोन्ही आधी धुवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच काठाच्या कडेला चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीनंही जात नाहीत. काठ छातीच्या वरच्या कडेला आणि एप्रनच्या खालच्या कडेला लावा. खिशाच्या तोंडाला लावायचा मोह होतो, पण ओला, तेलकट हात दिवसातून वीस वेळा तिथेच जातो.

प्रश्न (म्हापसा): शिवणयंत्र नाही. तयार एप्रन घेताना काय पाहावं? फोटोत सगळेच सुंदर दिसतात.

उत्तर: पहिली गोष्ट, गॅससमोर उभं राहायचं असेल तर पॉलिस्टर नको, कितीही चकचकीत असो. सुती कापडही पेटतं, पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. लेबलवर विश्वास नसेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देऊन राख होतो, पॉलिस्टरचा आकसून कडक मणी होतो. प्लास्टिकचा थर दिलेले एप्रन भांडी घासायला उत्तम, पण शेगडीपासून लांब. नायलॉनची लेस आणि लोंबणारी झालरही तशीच.

दुसरं, मापं. फोटो सोडा, आकडे वाचा. छातीची पट्टी १० ते १२ इंच असावी. कमरेवरची रुंदी नितंबाच्या निम्म्या घेरापेक्षा सहा इंच जास्त, म्हणजे ४० च्या घेराला २६. बंद मागून फिरवून पुढे बांधायचे असतील तर प्रत्येकी किमान ३६ इंच लागतात. बरेचसे स्वस्त एप्रन इथेच कंजुषी करतात.

हातात घेता आला तर बंद जिथे जोडलाय तिथे चौकोनात फुलीची टीप आहे का आणि खिशाची वरची टोकं दुहेरी शिवलीत का ते बघा. इंचाला १० ते १२ टाके असावेत. कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो तसाच मोत्यासारखा उभा राहिला तर खळ भरपूर आहे किंवा कापड सुती नाही.

प्रश्न (पुण्याजवळचा एक बचत गट): एप्रन शिवून विकायचा विचार आहे. दहा मीटरच्या ताग्यात किती बसतात?

उत्तर: बंद त्याच कापडाचे करायचे की नाही, यावर सगळा हिशेब आहे. ५८ पन्ह्याचा दहा मीटरचा तागा धुतल्यावर साधारण नऊ मीटर साठ, म्हणजे ३७८ इंच धरा. २७ बाय ३४ चा एक एप्रन, पन्ह्यात दोन बसतात, लांबीत ११ ओळी. एकूण २२ एप्रन. खिसे मुंढ्यांच्या कात्रणांतून निघतात, पण त्यासाठी शेजारच्या दोन एप्रनमधलं कात्रण एकत्रच कापा. अर्धं अर्धं कापलं की नुसत्या चिंध्या राहतात.

बंद त्याच कापडाचे केले तर प्रत्येक एप्रनला तीन इंच रुंदीची ९६ इंच पट्टी लागते आणि दोन एप्रनमागे लांबीचे दहा इंच खर्ची पडतात. मग आठच ओळी बसतात, एप्रन १६. म्हणून बंदांसाठी सुती टेप घ्या. मुंढ्याच्या कडा अर्धा इंच न दुमडता सव्वा इंच दुमडून त्यांचा नेफा करा (छातीची रुंदी तेवढी जास्त धरून बेता) आणि तीन मीटरची एकच टेप एका नेफ्यातून वर, गळ्याभोवती, दुसऱ्यातून खाली ओवा. टेप ओढली की गळा लहान-मोठा होतो, म्हणजे एकाच मापाचा एप्रन उंच-बुटक्या दोघांनाही चालतो. टेपही आधी भिजवून आटवून घ्या, नाहीतर नेफा गोळा होतो. टेपची टोकं दोनदा दुमडून शिवा.

कापड कॉटन ड्रिल घ्या, चौरस मीटरला २०० ते २४० ग्रॅम वजनाचं. पॉपलीन त्याच्या निम्म्या वजनाचं असतं. ते शिवायला सोपं, पण विकलेल्या एप्रनचा खिसा चार महिन्यांत फाटून आला तर नाव गटाचं जातं. ड्रिलला १६ नंबरची सुई लावा. १४ नंबरची सुई खिशाच्या चार पदरी कोपऱ्यांवर तुटते.

प्रश्न (रत्नागिरी): डेनिमचा एप्रन हौसेनं घेतला, पण पावसात वाळत नाही आणि वास येतो.

उत्तर: कोकणातल्या पावसाला डेनिम नकोच. कापड पातळ घ्या, केंब्रिक चालेल, आणि पाणी टिपायचं काम एप्रनवर टाकू नका. कमरेच्या उजव्या बाजूला दोन बटणं लावा आणि सोलापुरी टॉवेलच्या हातभर तुकड्याला दोन काजं करा. डावखुऱ्यांनी बटणं डावीकडे लावावीत. टॉवेल रोज बदलायचा, एप्रन दोन दिवसांनी. टॉवेलचे चार तुकडे आणि तीन एप्रन असले की जुलै निघतो. तुकड्याच्या कापलेल्या कडांना इंटरलॉक करून घ्या, नुसती दुमड घातली तर जाडीमुळे मशीन अडकतं आणि कड वाळतही नाही.