वाढणारं घर, दोशी आणि तुमचा मिस्त्री : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी मी आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी आखलेल्या, आपल्या इंदुरातल्या अरण्य वसाहतीबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या आणि इनबॉक्स भरला. बरं वाटलं, इंदूरच्या मराठी मंडळींना आपल्या गावातल्या एवढ्या मोठ्या कामाची चौकशी करावीशी वाटली. पण निम्मे मेसेज एकाच छापाचे, कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं. म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तर देते.

दोशी पुण्याचे ना? म्हणजे मराठीच की! (रामबाग)

जन्म पुण्याचा, २६ ऑगस्ट १९२७. घर गुजराती, फर्निचरच्या धंद्यातलं. आर्किटेक्चर शिकले मुंबईच्या जे.जे.ला आणि पुढचं आयुष्य गेलं अहमदाबादला.

माणिकबाग पॅलेसही त्यांचंच काम आहे असं गाइडने सांगितलं. (राजेंद्रनगर)

गाइड बदला. माणिकबाग एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टचं, १९३० च्या दशकातलं, दुसऱ्या यशवंतराव होळकरांसाठी केलेलं. दोशी तेव्हा पुण्यात चड्डी घालून फिरत होते.

व्हॉट्सअॅपवर आलंय की अरण्यला आर्किटेक्चरचं नोबेल मिळालं. खरं का? (टिळकनगर)

दोन गोष्टींची खिचडी केलीय कुणीतरी. अरण्य प्रकल्पाला मिळाला तो आगा खान पुरस्कार, १९९५ मध्ये. ज्याला लोक नोबेल म्हणतात तो प्रिट्झकर, तो २०१८ मध्ये दोशींना मिळाला, एकूण कामासाठी, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. फॉरवर्ड करण्याआधी एवढं दुरुस्त करा.

बायपासकडे एक बिल्डर 'दोशी स्टाइल' रो-हाउस विकतोय. उघड्या विटा, गोल छत, स्क्वेअर फुटामागे जादा पैसे. घ्यावं का? (सुदामानगर)

त्या उघड्या विटा नखाने खरवडून बघा. बहुतेक टाइल निघेल, विटेच्या रंगाची. आणि गोल छत म्हणजे फॉल सीलिंग.

दोशींनी अहमदाबादला १९८० मध्ये स्वतःचं ऑफिस बांधलं, संगत नावाचं. त्याची छतं गोल आहेत, अर्धं बांधकाम जमिनीत गेलंय आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझेक आहे. हे सगळं उन्हासाठी. जमिनीत गेल्यामुळे आत थंड राहतं, पांढऱ्यावरून ऊन परत फिरतं. बिल्डरने त्यातला फक्त फोटो उचललाय. त्याला एवढंच विचारा की पश्चिमेची भिंत कशी केली आहे आणि मे महिन्यात दुपारी दोन खिडक्यांमधून आरपार वारा येतो का. उत्तरात 'एसी पॉइंट दिला आहे मॅडम' असं आलं तर उठा. तरी घ्यायचंच असेल तर ब्रोशर नको, ड्रॉइंग मागा आणि ते बिल्डरशी संबंध नसलेल्या आर्किटेक्टला दाखवा. टोकन देण्याआधी, नंतर नाही.

(जाता जाता, दोशींनी अहमदाबादला जी गुफा नावाची आर्ट गॅलरी केली ती एम. एफ. हुसेन यांच्या चित्रांसाठी, आणि हुसेन यांचं लहानपण आपल्या इंदुरातच गेलं. हे मात्र खुशाल फॉरवर्ड करा.)

आमचा अरण्यमध्ये छोटा प्लॉट आहे, सासऱ्यांनी घेतलेला. खाली दोन खोल्या, वर एक मजला. धाकट्या दिराचं लग्न ठरलंय म्हणून अजून दोन मजले चढवायचेत. मिस्त्री म्हणतो ही घरं वाढवायलाच बनवली आहेत, दोशीसाहेबांनीच तसं डिझाइन केलंय, इंजिनिअरचे पैसे वाचवा. (स्कीम नंबर ७८)

ताई, आधी काम थांबवा, मग पुढचं वाचा.

हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलंय की त्या मिस्त्र्यांचा कुठे क्लास चालतो का अशी शंका येते. अर्धं खरं आहे म्हणूनच ते जास्त धोक्याचं. दोशी पॅरिसला ल कॉर्बुझिए या नावाजलेल्या आर्किटेक्टकडे काम करून आले, आणि १९५४ मध्येच म्हणाले होते की अगदी खालच्या थरातल्या माणसाला नीट घर मिळवून द्यायची शपथ घ्यायला हवी. अरण्य हे त्याच ध्यासातलं काम, १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी केलेलं. साधारण ८५ हेक्टर जमीन, सहा सेक्टर, लहानात लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा म्हणजे आपल्या भाषेत पावणेचारशे फूट, मोठा ४७५ चौरस मीटरपर्यंत. गरीब कुटुंबाला मिळायचं काय तर प्लॉट, जोतं, संडास-मोरी, पाणी, आणि ऐपत असली तर एक खोली. बाकीचं तुम्ही बांधा, पैसे येतील तसं. कसं बांधता येईल ते दाखवायला ८० नमुना घरं केली, ओटे, बाहेरून जिने, बाल्कन्या, सगळं त्यात होतं. मूळ आखणीत सेप्टिक टँकसुद्धा वीस घरांमागे एक असा मोजून ठेवलेला.

म्हणजे एकट्या माणसाला जे जमत नाही ते, गटारं, पाणी, रस्ते, जोतं, आधी करून दिलं आणि जे त्याला जमतं ते त्याच्यावर सोडलं. यात 'कितीही मजले चढवा' कुठे लिहिलंय? तुमच्या जोत्यावरचं घर दोशींनी नाही, तुमच्या सासऱ्यांनी बांधलं, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, तेव्हा परवडला त्या मिस्त्रीकडून. भिंत नऊ इंची आहे की साडेचार इंची, कॉलम आहेत की नुसत्या विटा, पाया किती खोल आहे, हे घरात कुणाला माहीत आहे का?

आता वजन बघा. चार इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलो. तीस चौरस मीटरचा स्लॅब साडेसात टन, असे दोन. नऊ इंची भिंत एका मजल्याच्या उंचीची असेल तर एकेका मीटरला हजार किलोच्या वर. त्यावर हजार लिटरची टाकी म्हणजे अजून एक टन, शिवाय माणसं, कपाटं, लग्नाचे पाहुणे. आणि खाली आपली माळव्याची काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, त्यामुळे पाया उथळ असला की घर दर वर्षी थोडं थोडं हलतं. त्यात अरण्यमध्ये घराला घर चिकटलेलं, तुमची भिंत बसली तर शेजाऱ्याचीही तडकणार आणि मग लग्नघरात भांडण.

एका घरी मला बोलावलं तेव्हा स्लॅब ओतून झाला होता. गॅलरी बाहेर तीन फूट काढलेली आणि सरिया, म्हणजे लोखंडी सळ्या, खालच्या बाजूला घातलेला. बाहेर लोंबणाऱ्या छज्जाला ताण वरच्या बाजूला पडतो, सरिया वरच हवा, हे त्या मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, 'कुछ नहीं होगा मॅडम, बीस साल से ऐसे ही डाल रहे हैं.' गॅलरी तोडावी लागली. इंजिनिअरचे वाचवलेले पैसे तोडण्यातच गेले आणि वर अजून लागले.

तर तुम्ही काय करायचं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, पायाशेजारी एक-दोन ठिकाणी खड्डा खणून त्याला खोली आणि माती बघू द्या, भिंतीत तिरक्या भेगा असतील तर त्या लपवू नका, मुद्दाम दाखवा. कदाचित तो एकच मजला म्हणेल, कदाचित नवे कॉलम घ्यायला सांगेल, कदाचित नाहीच म्हणेल. नगर निगमचा नकाशा पास करून घ्या. लीजचे कागद सासऱ्यांच्या नावावर असतील तर वकिलालाही एकदा दाखवा. आणि मागचा चौक स्लॅबने झाकू नका, खालच्या खोल्यांना उजेड आणि हवा तिथूनच येते. लग्नाची तारीख पुढे गेली तरी चालेल.

मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अरण्यवर प्रोजेक्ट आहे. काय बघू? (भंवरकुआं)

संध्याकाळी जा. दुपारी फक्त भिंती दिसतील, संध्याकाळी ओट्यावर कोण बसतंय, जिन्याखाली कुणी दुकान काढलंय, गल्ली कुठे रुंद होते ते दिसेल. एकाच घराचा आज आणि सुरुवातीचा प्लॅन काढ, मोजून. घरात शिरण्याआधी विचार, फोटोआधी तर नक्कीच, तो काही म्युझियम नाही. आणि इंटरनेटवरचा तोच तो रंगीत प्लॅन चिकटवण्याआधी तुझ्या गाइडशी बोल.

दोशींसारखं गच्चीवर चायना मोझेक करून घेतलं, एप्रिलपासून एका कोपऱ्यात ओल होती, आता बेडरूममध्ये गळतंय. काय करू? (लोकमान्यनगर)

एप्रिलमध्ये ओल दिसली आणि तुम्ही जुलैत लिहिताय. टाइल पाणी अडवत नाही हो, खालचं वॉटरप्रूफिंग आणि उतार अडवतो, तो ठेकेदाराने दिला का ते बघायला हवं. भर पावसात वरून सिमेंटचं पाणी फासायला कुणी आला तर पैसे देऊ नका. गच्चीचे पाइप साफ करा, बेडरूममधल्या त्या कोपऱ्यातला लाइट पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घ्या, खाली बादली ठेवा, आणि ऑक्टोबरमध्ये गच्ची कोरडी झाली की कुणा जाणकाराला वर घेऊन जा.